गाडीत काहीतरी वाजतंय: तो आवाज नेमका कुठला, हे कसं शोधायचं

सकाळी गाडी काढली आणि गल्लीच्या तोंडावरच्या गतिरोधकावर मागून डावीकडून ‘टक्’ असा आवाज आला. कालपर्यंत नव्हता. काच खाली करून कान दिला, तर पुढच्या गतिरोधकावर काहीच नाही. तिसऱ्यावर पुन्हा ‘टक्’. असा आवाज एकदा कानात बसला की गाणी नकोशी होतात, रस्त्यावरचं लक्ष उडतं आणि शेजारी बसलेल्याला दर दोन मिनिटांनी ‘आत्ता ऐकलंस का?’ असं विचारावंसं वाटतं.

मी मेकॅनिक नाही. साताऱ्यात राहतो, जुनी पेट्रोल हॅचबॅक चालवतो आणि गेल्या काही वर्षांत स्वतःच्या, नातेवाइकांच्या आणि सोसायटीतल्या गाड्यांमधले असे बरेच आवाज धीराने शोधले आहेत. त्यातून एक गोष्ट मनात पक्की बसली. पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा. आधी आवाजाला नाव द्यायचं, मग तो कधी येतो ते टिपायचं, मग कुठून येतो ते पाहायचं. ही तीन कामं नीट केली की बहुतेक वेळा उरतं ते एखादा नट आवळणं, एक क्लिप बदलणं किंवा दोन इंच फेल्ट टेप (नमद्यासारखी मऊ कापडी टेप) लावणं. आणि खरंच पार्ट गेला असेल, तर योग्य तोच पार्ट बदलला जातो.

या आवाजांवर संशोधन करायचं नाही

काही आवाज आले की शोधत बसायचं नाही, गाडी थांबवायची.

इंजिनातून जड ‘ठकठक’ येतेय आणि डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागलाय, तर बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करा. ‘घर दोनच किलोमीटर आहे’ हा हिशोब इथे चालत नाही. तेलाचा दाब नसलेलं इंजिन तेवढ्या अंतरात कायमचं बिघडू शकतं.

ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येत असेल, तर पॅडचं अस्तर संपून पत्रा डिस्कला लागत असण्याची शक्यता मोठी आहे.

नुकतंच चाक काढून बसवलंय आणि आता वेगाबरोबर वाढणारी ठकठक आणि स्टिअरिंगमध्ये थरथर येतेय, तर पुढच्या सुरक्षित जागी थांबून आधी चाकाचे नट हाताने तपासा. पंक्चर काढल्यावर, टायर बदलल्यावर किंवा सर्व्हिसिंगनंतर सैल राहिलेले नट हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं. म्हणून चाक उघडलं गेलं की पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासायची सवय मी लावून घेतली आहे.

स्टिअरिंग सैल वाटतंय आणि वळताना किंवा खड्ड्यात पुढून ‘खट्’ होतंय, हाही याच गटातला आवाज. तिथे चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा बॉल जॉइंट किंवा स्टिअरिंगशी जोडणारा टाय रॉड एंड असू शकतो आणि तो निखळला तर चाक ताब्यात राहत नाही.

आवाजाला नाव द्या

गॅरेजमध्ये ‘गाडी आवाज करते’ एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस अंदाजच बांधणार. आपल्या भाषेत आवाजांसाठी शब्दांची कमी नाही आणि प्रत्येक शब्द वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. म्हणून मी पहिल्यांदा हेच ठरवतो: हा आवाज नेमका कोणता?

‘खडखड’ म्हणजे दोन कडक वस्तूंमध्ये थोडी फट आहे आणि रस्त्याच्या धक्क्याने त्या एकमेकींवर आदळताहेत. सस्पेन्शनचे जॉइंट, ब्रेकचे पॅड, डिकीतला जॅक. ‘खुळखुळ’ म्हणजे काहीतरी मोकळं आहे, बंद जागेत हलतंय: दाराच्या आत पडलेला स्क्रू, ग्लोव्ह बॉक्समधली नाणी. ‘झणझण’ हा पातळ पत्र्याचा आवाज. ‘करकर’ आणि ‘कुरकुर’ म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताहेत. डॅशबोर्डचं प्लॅस्टिक, दाराचं रबर, सस्पेन्शनच्या जोडांमधले कोरडे रबरी बुश. ‘टिकटिक’ ठरावीक ठेक्यात येते, म्हणजे फिरणारी किंवा उघडझाप करणारी वस्तू. ‘घूंऽऽ’ असा सलग आवाज बेअरिंगचा किंवा टायरचा. ‘फडफड’ म्हणजे वाऱ्यात काहीतरी सुटलंय, बहुधा इंजिनखालचं किंवा चाकावरच्या कमानीतलं प्लॅस्टिक कव्हर. आणि पावसाळ्यात ब्रेक मारल्यावर दारातून ‘डुबुक’ असा पाण्याचा आवाज आला, तर दाराच्या तळाशी पाणी जाण्याची जी भोकं असतात ती चिखलाने बुजली आहेत. प्लॅस्टिकची पातळ पट्टी आत घालून ती मोकळी केली की दारातलं साठलेलं पाणी धो धो बाहेर येतं. हे काम दर जूनच्या आधी करायला हवं, नाहीतर दार आतून गंजतं.

नाव देताना घाई करू नका. ‘खडखड’ आणि ‘खुळखुळ’ यांतला फरक कानाला कळायला एक-दोन फेऱ्या लागतात.

मग वही उघडा

दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी चालवा आणि आवाज आला की गाडी थांबल्यावर टिपून ठेवा. मोबाइलवर टिपलंत तरी चालेल, पण गाडी चालवताना नाही. वेग किती होता? रस्ता गुळगुळीत की खडबडीत? वळत होतो की सरळ, कुठल्या बाजूला? ब्रेक, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर यांपैकी कशावर पाय होता? इंजिन गार होतं की तापलेलं? एसी चालू होता का? मागे कुणी बसलं होतं का? पाऊस पडून गेला होता का?

थंडीचा मुद्दा आमच्याकडे फार दिसतो. डिसेंबरमध्ये पहाटे कासकडे निघालं की डॅशबोर्ड करकरतो आणि उन्हं वर आली की गप्प होतो. प्लॅस्टिक गारठ्यात आकसतं, कडक होतं, जोडांमध्ये फट पडते. आवाज फक्त थंडीत येत असेल तर तो बहुधा प्लॅस्टिकचा किंवा रबराचा, आणि घाबरण्यासारखा नसतो. पावसाळ्यात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकना खरखरते तेही तसंच. डिस्कवर चढलेला गंजाचा पापुद्रा घासला जातो, मग आवाज थांबतो. थांबला नाही तरच चिंता करायची.

वहीतला सगळ्यात मोलाचा प्रश्न मात्र वेगळाच आहे: आवाज सुरू होण्याच्या आधी गाडीला शेवटचा हात कुणी आणि कशासाठी लावला होता? नवा स्टिरिओ बसवला असेल तर डॅशबोर्डच्या मागे वायरचा जुडगा मोकळा सुटून प्लॅस्टिकवर आपटत असतो. एअर फिल्टर बदलला असेल तर त्याच्या डब्याची एखादी क्लिप लागलेली नसते. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लावून घ्यावी लागली. त्यानंतर ‘डिकी आपटली की पत्रा वाजतो’ अशी तक्रार मला दोघांनी सांगितली आणि दोन्हीकडे प्लेट आणि पत्रा यांच्या मधल्या फटीत रबराची पट्टी सरकवताच आवाज गेला. प्लेटचं सील तोडायची गरज पडत नाही.

गाडी रिकामी करा, अगदी रिकामी

हे वाचून ‘हे काय सांगायचं’ असं वाटेल, पण ही पायरी गाळू नका. दाराच्या कप्प्यातल्या बाटल्या, चष्म्याची डबी, नाणी, आरशाला लटकवलेलं काही, डॅशबोर्डवरची मूर्ती, सीटखाली गेलेली छत्री, सगळं बाहेर. डिकीतला पार्सल ट्रे काढा. मॅट उचला. स्पेअर चाक दाबून ठेवणारा नट हाताने फिरवून बघा. जॅक आणि पाना त्यांच्या खोबणीत घट्ट बसलेत का ते पाहा. स्क्रू जॅक असेल तर तो जागेवर ठेवून थोडा उघडला की आपोआप घट्ट बसतो. कोपरे हाताने चाचपा. देवदर्शनाहून येताना मिळालेला नारळ डिकीत राहिला की ब्रेकला ‘गडगड’ आणि मग ‘थड्’ असा जो आवाज येतो, तो ऐकून माणसं सस्पेन्शन उघडायला निघतात.

मग तोच रस्ता, तोच वेग. आवाज गेला असेल तर एकेक वस्तू परत ठेवत जा. एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे फरक पडला ते कळत नाही, हा नियम इथून शेवटपर्यंत पाळायचा आहे.

आवाज कुणाच्या तालावर येतो?

गाडी रिकामी करूनही आवाज राहिला, तर आता खरं काम सुरू. आवाज चारांपैकी कुणातरी एकाच्या तालावर नाचत असतो: इंजिन, चाक, रस्ता किंवा वीज.

उभ्या गाडीत न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू रेस करा. आवाज आला आणि रेसबरोबर जलद झाला, तर तो इंजिनाचा किंवा इंजिनाला जोडलेल्या वस्तूंचा. आला नाही, तर मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर ताशी ४० पर्यंत जा आणि गिअर न्यूट्रलला टाका. इंजिनाचे फेरे खाली आले तरी आवाज त्याच गतीने चालू राहिला, तर तो चाकाकडचा. या चाचणीत इंजिन बंद करायचं नाही, कधीच नाही. ब्रेकची मदत जाते आणि किल्ली फिरवली गेली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

चाकाचा ठेका मोजता येतो. साध्या हॅचबॅकच्या चाकाचा घेर पावणेदोन ते दोन मीटर असतो. त्यामुळे ताशी १० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण दीड फेरा घेतं, २० ला जवळजवळ तीन, ४० ला पावणेसहा. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि नंतर दहा सेकंदांतले ठोके मोजा. ताशी २० ला दहा सेकंदांत २८ ते ३० टिकटिक भरली, तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका पडतोय. म्हणजे टायरच्या नक्षीत खडा किंवा खिळा अडकलाय, व्हील कव्हर सैल आहे किंवा टायरला फुगवटा आलाय. चाक हळूहळू फिरवत पूर्ण टायर बघा. खिळा दिसला तर तिथेच उपटू नका, आधी पंक्चरवाल्यापर्यंत जा.

निवांत चालणारं इंजिन मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला तेरा. त्यातला एकेक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो. त्यामुळे एकाच टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) टिकटिक सेकंदाला सहा-सात वेळा ऐकू येते. तशी टिकटिक आली तर आधी डिपस्टिक काढून तेलाची पातळी बघा. गार इंजिनला टिकटिक होऊन तापल्यावर जाते तेव्हा काही गाड्यांत ती एक्झॉस्टच्या जोडातून निसटणाऱ्या गॅसची असते, कारण धातू तापून फुगला की फट मिटते. इंजेक्टरची बारीक, सारखी टिकटिक मात्र नेहमीचीच. सीएनजीवर ती अधिक ठळक ऐकू येते. पेट्रोलवर टाकून ऐका, फरक पडला तर उत्तर मिळालं. सीएनजीच्या टाकीचा पट्टा सैल वाटला तर तो स्वतः आवळू नका, फिटमेंट सेंटरलाच न्या; तीन वर्षांनी होणारी टाकीची चाचणी राहिली असेल तर तीही करून घ्या.

झणझण इंजिनाच्या एका ठरावीक फेऱ्यालाच येत असेल आणि पुढे-मागे नसेल, तर संशय सायलेन्सरच्या पाइपवरच्या उष्णतारोधक पत्र्यावर. रस्त्याने ट्रक गेला की मांडणीवरची एखादीच ताटली वाजते, तसंच हे. गाडी पूर्ण गार झाल्यावर पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. सैल असेल तर लगेच तोच आवाज येतो. त्याला मोठा स्टीलचा होज क्लॅम्प गुंडाळून आवळला की बरीच वर्षं निघतात.

घाट चढताना वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनातून खडे हलवल्यासारखा ‘टणटण’ आवाज येतो, आमच्या यवतेश्वरच्या घाटात तो हमखास ऐकू येतो. त्यावर पहिला उपाय खालचा गिअर. तरीही थांबला नाही, तर इंजिन तपासायला हवं.

क्लचची परीक्षा सोपी. न्यूट्रलमध्ये उभं राहून क्लच पूर्ण दाबा. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्समधलं बेअरिंग.

विजेचे आवाज बहुतेक निरुपद्रवी असतात, फक्त त्यांचा अर्थ कळायला हवा. इंडिकेटर एका बाजूला घाईघाईने टिकटिक करू लागला तर त्या बाजूचा बल्ब गेलाय. किल्ली फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ होऊन गाडी सुरू झाली नाही तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलंय; एकच जड ‘खट्’ आलं तर स्टार्टरकडे बघा. आणि गाडी चालू केल्याबरोबर डॅशबोर्डच्या आतून काही सेकंद ‘टक, टक, टक’ येऊन थांबतं, ते एसीची झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचं. तिच्या आतल्या प्लॅस्टिकच्या चक्राचा दात तुटलेला असतो. आतली हवा-बाहेरची हवा हे बटण दाबल्यावर तसाच आवाज आला तर शंका फिटली. ब्लोअर वाढवला की ‘टरटर’ वाढते तेव्हा मात्र ग्लोव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर काढा. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे वाळकी पानं सापडतात.

ऐकू येतं तिथेच असेल असं नाही

गाडीची सगळी बॉडी जोडलेल्या पोलादी पत्र्याची. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पोलादात पाच हजारांच्या आसपास. मागच्या चाकाजवळचा ठोका पत्र्यातून कुठेही निघतो आणि कानाला भलतीच जागा दाखवतो. त्यातून चालवणाऱ्याची जागा एका कोपऱ्यात. म्हणून आवाज शोधताना दुसऱ्याला चालवायला द्या आणि स्वतः मागे बसा, डावीकडे, मग उजवीकडे.

सुरुवातीला सांगितलेला तो ‘टक्’ माझ्याच गाडीतला. गॅरेजमध्ये गाडी दाखवली, मागचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गेलेत म्हणाले, जोडी बदलली. आवाज तसाच. पुन्हा गेलो, बुश सुचवले. त्यानंतर एका रविवारी मावशीला वाईला सोडायला निघालो. ती मागे डावीकडे बसली. पोवई नाक्यापासून मी नेहमीप्रमाणे कान देऊन होतो. दुसऱ्या गतिरोधकावर मावशी म्हणाली, ‘अरे, हे माझ्या कानापाशी वाजतंय. तू खाली कुठं शोधतोयस?’ मी गाडी बाजूला घेतली. तिच्या खांद्यामागे न लावलेल्या सीटबेल्टची लोखंडी जीभ खांबाच्या प्लॅस्टिकपाशी लोंबत होती. मावशीला पट्टा लावायला सांगितला आणि पुढचे सगळे गतिरोधक शांत गेले. त्या जागी नखाएवढा फेल्टचा तुकडा चिकटवला, तो अजून तिथे आहे. बदललेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे पैसे परत आले नाहीत.

या प्रसंगापासून मी हाताचीही परीक्षा घेतो. मागे बसलेल्याने एकेक वस्तू हाताने दाबून धरायची: पट्ट्याची जीभ, हेडरेस्ट, पार्सल ट्रे, दाराचं पॅनेल, मागच्या सीटची कडी. ज्याला हात लावल्यावर आवाज थांबतो, ती वस्तू. मागची सीट दुमडणारी असेल तर तिची कडी हा मोठा संशयित. सीटवर कुणी बसलं की आवाज जातो आणि रिकामी असली की येतो. सीट एकदा पाडून परत जोरात बसवा, तरीही राहिला तर ज्या कांबीत कडी अडकते तिला टेपचा एक वेढा द्या. कडी पूर्ण लागतेय ना हे मात्र नक्की पाहा.

बाहेरचे आवाज पकडायला लांब कंपाउंडची भिंत शोधा. दोन्हीकडच्या काचा खाली करून भिंतीला समांतर हळू जा. आवाज भिंतीवर आदळून परत कानात येतो, चाकाकडचा असेल तर एकदम मोठा होतो. मग उलट दिशेने या. डाव्या-उजव्याचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

इंजिनात ऐकायला मेकॅनिकचा स्टेथोस्कोप स्वस्तात मिळतो. नसेल तर लांब लाकडी काठीचं एक टोक इंजिनच्या भागाला आणि दुसरं कानामागच्या हाडाला टेकवा. पंखा आणि बेल्ट यांच्यापासून दूर राहा. ओढणी, टाय, सैल बाही नको. इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा अचानक सुरू होऊ शकतो.

चाकाकडचे नेहमीचे चोर

आपल्या रस्त्यांवर सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो लिंक रॉड. दोन चाकांना जोडणारा जो आडवा अँटीरोल बार असतो, त्याला सस्पेन्शनशी बांधणारी ही छोटी दांडी. तिच्या टोकाचा जॉइंट झिजला की खडबडीत रस्त्यावर ताशी १५-२० ला पुढून खडखड येते, आणि गंमत म्हणजे मोठ्या गतिरोधकावर काहीच येत नाही. कारण हा बार दोन चाकं वर-खाली वेगवेगळी झाली तरच पिळला जातो. दोन्ही चाकं एकदम चढली तर त्याच्यावर फारसा जोरच येत नाही. म्हणून परीक्षा अशी: एक गतिरोधक सरळ ओलांडा, पुढचा थोडा तिरका. तिरक्याला खडखड आणि सरळला शांतता असेल तर लिंक रॉड आधी तपासायला सांगा. हा पार्ट स्वस्त असतो आणि बदलायला वेळ लागत नाही.

दुसरा, वळणावरची ‘कटकट’. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण फिरवून हळू गोल फेरी मारा आणि थोडा अ‍ॅक्सिलरेटर द्या. चाकाच्या गतीने कटकट आली तर एक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, बाहेरचा सीव्ही जॉइंट. डावीकडे वळताना जास्त येत असेल तर बहुधा उजवा, कारण भार बाहेरच्या चाकावर जातो. आता पुढचं चाक पूर्ण वळवून मागे डोकावा. एक्सलच्या टोकाला अकॉर्डियनच्या भात्यासारखा घड्यांचा काळा रबरी बूट दिसेल. त्याच्या घड्यांमध्ये चीर आहे का आणि चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालंय का, ते टॉर्चने बघा. चीर आहे पण आवाज अजून नाही, ही वेळ सोन्यासारखी: फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागतं. कटकट सुरू झाल्यावर जॉइंटमध्ये धूळ शिरून खड्डे पडलेले असतात आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

खडखड ब्रेकला हलकासा पाय लावताच थांबली तर ब्रेकचे पॅड किंवा कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना सैल आहेत. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कर्कश किरकिर सुरू झाली तर डिस्क आणि तिच्यामागचा पातळ पत्रा यांत खडा अडकलाय. दहा-पंधरा फूट सावकाश रिव्हर्स घेतलं की तो बरेचदा पडतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंगचा ‘टण्ण’ आवाज आला तर स्ट्रटचं, म्हणजे स्प्रिंग बसवलेल्या खांबाचं, वरचं बेअरिंग. गिअर टाकताना किंवा रिव्हर्सला ‘धप्’ झालं तर इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं तो रबरी आधार.

‘घूंऽऽ’ आवाजात टायर आणि बेअरिंग यांची गल्लत फार होते. डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गेल्यावर आवाजाचा सूर बदलला तर टायर. बदलला नाही, तर रिकाम्या रुंद रस्त्यावर स्टिअरिंग अगदी हलकं डावी-उजवीकडे झुलवा. डावीकडे झुकवताना आवाज वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग आधी तपासा.

चाक उचलून बघायचं असेल तर सपाट, कडक जमीन, हँडब्रेक, विरुद्ध बाजूच्या चाकाला दगडाची किंवा ठोकळ्याची ओट. जॅक फक्त उचलण्यासाठी. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ, त्यासाठी स्टँडच हवेत. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा; ढिलाई जाणवली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. तीन आणि नऊला धरून हललं तर टाय रॉड. खात्री पटली नाही तर दुसऱ्या बाजूचं चाक हलवून तुलना करा.

आतल्या प्लॅस्टिकचं काय करायचं

फेल्ट टेप, सिलिकॉन स्प्रे आणि ट्रिमच्या दोन-चार क्लिपा, एवढ्यावर बहुतेक घरगुती काम होतं. घासणाऱ्या दोन प्लॅस्टिकच्या मध्ये फेल्ट. दाराच्या रबराला आधी ओल्या फडक्याने पुसून, मग फडक्यावर सिलिकॉन घेऊन हात फिरवायचा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं आणि धूळ धरतं. स्प्रे ब्रेकच्या, पेडलच्या आणि स्टिअरिंगच्या जवळपास नको. बॉनेटच्या कोपऱ्यातले रबरी बटण स्क्रूसारखे फिरवून थोडे वर आणले की बॉनेटची खडखड जाते.

ज्या खांबावर किंवा पॅनेलवर ‘एसआरएस एअरबॅग’ लिहिलंय ते घरी उघडू नका. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरना आणि सीटबेल्टच्या बोल्टलाही हात लावायचा नाही. तिथला आवाज कितीही छळत असला तरी तो प्रशिक्षित माणसाकडेच.

गॅरेजमध्ये गेल्यावर

जॉब कार्डावर पार्टचं नाव लिहू देऊ नका, आवाज लिहायला लावा. ‘शॉक अ‍ॅब्सॉर्बर तपासणे’ असं लिहिलं की तेच तपासलं आणि बदललं जातं. ‘ताशी २० ला, खडबडीत रस्त्यावर, पुढून डावीकडे खडखड, तिरक्या गतिरोधकावर येते, सरळला येत नाही, ब्रेक दाबून फरक नाही’ असं लिहिलं तर काम करणारा थेट त्या जागेपाशी जातो. मेकॅनिकला शेजारी बसवा आणि आवाज जिथे हमखास येतो त्याच रस्त्यावर न्या. त्याने ऐकल्याशिवाय गाडी सोडू नका. बहुतेकांना असा नेमका गिऱ्हाईक आवडतो, कारण त्यांचाही वेळ वाचतो.

पार्ट बदलायचं ठरलं तर जुना पार्ट परत मागा, तो हातात घेऊन हलवून बघा. झिजलेला लिंक रॉड हातात खुळखुळतो, चांगला असेल तर जॉइंट घट्ट फिरतो. आणि बिल देण्याआधी त्याच मेकॅनिकला घेऊन त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने आणखी एक फेरी मारा.